ओस पडलेल्या इमारतीत लोकांचे कलाघर उभारताना: किल्ली मिळवण्यापासून कारभार बसवण्यापर्यंत

पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावरील ५९ क्रमांकाच्या इमारतीत १ नोव्हेंबर १९९९ रोजी काही कलाकार शिरले, तेव्हा आत मेलेली कबुतरे, वापरून फेकलेल्या सुया आणि राडारोडा होता. इमारत एकेकाळी एका बँकेची होती, पुढे सरकारच्या मालकीची झाली आणि कित्येक वर्षे कुलूपबंद पडून राहिली. कलाकारांनी ती झाडून काढली, आपापले कोपरे आखून घेतले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वर येऊन चित्रे पाहता येतील असे दार उघडे ठेवले. सरकार न्यायालयात गेले, जागा रिकामी करण्याचा आदेश झाला, वकिलाने सहा महिन्यांची मुदत मिळवली आणि तेवढ्या काळात तिथे लोकांचा राबता सुरू झाला. २००१ मध्ये बर्त्रां दलानोए महापौर झाल्यावर नगरपालिकेने ती इमारत विकत घेतली, दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद ठेवली आणि सप्टेंबर २००९ मध्ये ती पुन्हा कलाकारांच्या हाती आली. आज तिथे ३० कलाकार काम करतात आणि प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य आहे.

अशा जागांना युरोपात ‘स्क्वॉट’ म्हणतात. मालकाच्या परवानगीशिवाय रिकाम्या इमारतीत शिरून ती वापरात आणणे हा त्याचा मूळ अर्थ. ही पद्धत विशिष्ट कायद्यांच्या आधाराने वाढली, हे आपल्याकडच्या वाचकाने आधी लक्षात घ्यावे. नेदरलँड्समध्ये १९७१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पलंग, टेबल आणि खुर्ची ठेवून ‘ही जागा आता वापरात आहे’ असे दाखवता येत असे. १ ऑक्टोबर २०१० पासून तिथेही हा गुन्हा झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये निवासी इमारतींबाबत १ सप्टेंबर २०१२ पासून तेच घडले. भारतात हा आधार कधीच नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार परक्याच्या मिळकतीत बेकायदा प्रवेश हा गुन्हा आहे, आणि अशा गुन्ह्याची झळ गटातल्या सर्वांत तरुण, सर्वांत कमी ओळखी असलेल्या मुलामुलींना आधी बसते. म्हणून या लेखातील वाट कुलूप तोडण्याची नसून किल्ली मागून घेण्याची आहे. मात्र किल्ली मिळाल्यावर काय करायचे, हे शिकण्यासाठी स्क्वॉटइतकी चांगली शाळा नाही.

आधी माणसे, मग भिंती

इमारत दिसली की गट जमतो आणि इमारत हातची गेली की गट विखुरतो, असे पुष्कळदा घडते. त्यामुळे जागेचा शोध सुरू करण्यापूर्वी निदान तीन महिने सात ते दहा जणांनी नियमित भेटावे, दर भेटीचे इतिवृत्त लिहावे आणि एखादे छोटे काम एकत्र पार पाडावे. एखाद्या शाळेच्या वर्गात दोन दिवसांचे प्रदर्शन भरवले तरी पुरे. कोण हिशेब ठेवतो, कोण वेळेवर येतो आणि कोणाला नुसते बोलायला आवडते, हे त्यातून कळते. चित्रकार आणि नट यांच्याबरोबर एक स्थापत्य अभियंता, एक वकील आणि एक अनुभवी वायरमन गटाशी जोडलेला असला, तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

सात हा आकडा कायद्यातूनही येतो. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवण्यासाठी किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात तिची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही होते. नोंदणीला वेळ लागतो. म्हणून अर्ज लवकर करावा. नोंदणीकृत संस्था नसेल तर करार कोणा एकाच्या नावावर होतो, आणि जागा त्या एकाची होऊन बसते.

इमारत निवडणे आणि मालक शोधणे

सर्वांत देखणी इमारत ही बहुधा सर्वांत वाईट निवड असते. जुन्या वाड्याचा चौक पाहून मन हरखते, पण उताऱ्यावर अकरा वारसांची नावे असतात, त्यांतले दोघे परदेशी असतात आणि तिघांचा आपसात दावा चालू असतो. शहरातील जागेसाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, तर गावाकडील जागेसाठी सात-बारा उतारा काढावा. त्यावरील मालक, इतर हक्क आणि बोजा या नोंदी वकिलाकडून वाचून घ्याव्यात. थकलेला मालमत्ता कर, आत सामान ठेवून गेलेले पागडीचे भाडेकरू आणि पालिकेने धोकादायक म्हणून बजावलेली नोटीस, यांची चौकशी त्याच आठवड्यात करावी. एकच मालक असलेली साधी, आडवी, एक-दोन मजली इमारत उत्तम: बंद पडलेली शाळा, गोदाम, छापखाना किंवा सहकारी संस्थेचे जुने कार्यालय.

सार्वजनिक मालकीच्या इमारतीचा एक मोठा फायदा आहे. तिथे निर्णय घेणाऱ्यांना लोकांना उत्तर द्यावे लागते. स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानात, युगोस्लाव्ह सैन्य निघून गेल्यावर मेतेल्कोव्हा रस्त्यावरील बराकी रिकाम्या झाल्या. त्या कलाकारांना मिळाव्यात म्हणून अनेक संघटनांनी १९९० पासून एकत्र येऊन रीतसर मागणी चालवली होती. सप्टेंबर १९९३ मध्ये अचानक पाडकाम सुरू झाले, तेव्हा लोक आत जाऊन बसले आणि वीज-पाणी तोडले तरी हलले नाहीत. मेतेल्कोव्हा आजही चालू आहे, आणि आवारातील जुन्या लष्करी तुरुंगाचे २००३ मध्ये वसतिगृह झाले. आत बसलेल्या लोकांचे धैर्य सर्वांना आठवते, पण त्यामागे तीन वर्षांची अर्जविनंत्यांची फाइल होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

खासगी मालकाकडे जाताना कलेचे महत्त्व सांगत बसू नये. त्याच्या इमारतीविषयी बोलावे. जर्मनीतील लाइपझिग शहरात हाउसहाल्टन नावाची संस्था २००४ पासून हेच करत आली आहे. रिकाम्या घराच्या मालकाला ती सांगते की घर काही वर्षे वापरायला द्या, राहणारे फक्त चालू खर्च भरतील आणि त्या बदल्यात घर राखतील. या घरांना तिथे ‘राखणदार घरे’ अशा अर्थाचे नाव आहे. तर्क अगदी साधा आहे. बंद घराचे एक कौल सरकले तर ते चार पावसाळे कोणाला कळत नाही आणि तोवर वासे कुजतात. वापरातल्या घरात ते त्याच संध्याकाळी कळते. मालकाला हे पटवायचे असेल तर त्याच्या इमारतीतील गळतीची छायाचित्रे आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च घेऊन जावे.

आणखी एक गोष्ट इथेच तपासायला हवी. रिकामी दिसणारी इमारत पुष्कळदा रिकामी नसते. पडवीत एखादे कुटुंब झोपत असते, कोपऱ्यात भंगारवाल्याचा माल असतो, जुना रखवालदार पगार थांबल्यावरही तिथेच राहिलेला असतो. त्यांना हुसकावून उभे राहिलेले घर लोकांचे म्हणवून घेता येणार नाही. त्यांच्याशी आधी बोलावे, आणि रखवालदाराला शक्यतो गटाच्या पगारावर घ्यावे. इमारतीचे पाणी कुठून शिरते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

बांधकामाची तपासणी

बर्लिनमधील ताखेलेस ही विसाव्या शतकाच्या आरंभीची, युद्धात अर्धवट उद्ध्वस्त झालेली इमारत एप्रिल १९९० मध्ये पाडायची ठरली होती. १३ फेब्रुवारी १९९० रोजी कलाकार तिथे घुसले. घोषणा देऊन ते थांबले नाहीत; त्यांनी बांधकामाची नव्याने तपासणी करवून घेतली, सांगाडा भक्कम असल्याचे त्यातून दिसले आणि पुढे इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळाले. एका अभियंत्याच्या अहवालाने सुरुंग थांबवला.

अभियंत्याला बोलावण्यापूर्वी गटाने स्वतः एक फेरी मारावी, शक्यतो जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी, आणि ती छपरापासून सुरू करून खाली यावे. गच्चीवर पाणी कुठे साचते, पन्हळी तुंबल्या आहेत का, कठड्यातून पिंपळाचे रोप उगवले आहे का, हे पाहावे. पिंपळ वरून छाटून उपयोग नसतो. मुळे भिंतीत जाऊन दगड सरकवतात. आरसीसी इमारतीत तुळईच्या तळाचे काँक्रीट फुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर त्या खोलीत कोणी थांबू नये. लाकडी इमारतीत तुळया जिथे भिंतीत शिरतात ती टोके पेचकसाने टोचून पाहावीत. मधला भाग ठणठणीत आणि टोक भुसभुशीत, हे ओलीचे आणि वाळवीचे नेहमीचे लक्षण आहे. तिरक्या भेगांवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. महिन्याभरात काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे.

त्यानंतर परवानाधारक संरचना अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा, आणि ‘इमारत चांगली आहे का’ एवढेच न विचारता ‘कोणत्या मजल्यावर किती माणसे उभी राहू शकतात’ असे विचारावे. हा फरक जिवाचा आहे. भारतीय मानक ८७५ नुसार राहत्या घराची जमीन प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार गृहीत धरून आखतात, तर खुर्च्या जमिनीला न जखडलेल्या सभागृहासाठी तोच आकडा सुमारे ५०० किलो असतो. म्हणजे ज्या माडीवर एक कुटुंब पन्नास वर्षे सुखाने राहिले, ती माडी नाचणाऱ्या ८० जणांचा भार पेलेलच असे नाही. ढोल, नृत्य, नाटकाचे प्रयोग आणि शिल्पकाराचा दगड तळमजल्यावर ठेवावा. चित्र, शिवण, वाचन आणि संगणक वर न्यावेत.

करार

ताखेलेसची पुढची कथा कराराची आहे. १९९८ मध्ये जमीन एका गुंतवणूकदार कंपनीने घेतली, कलाकारांना नाममात्र भाड्याने दहा वर्षांचा करार मिळाला आणि तो २००८ अखेर संपला. सप्टेंबर २०१२ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. ल्युब्ल्यानातच ‘रोग’ नावाचा जुना सायकल कारखाना २००६ पासून कलाकारांच्या वापरात होता. जानेवारी २०२१ मध्ये तो रिकामा करवला गेला. नाममात्र भाडे ही सुरक्षितता नसते. कराराची मुदत, ती वाढवण्याची अट आणि मालकी बदलली तर काय, या तीन कलमांवर सगळे अवलंबून असते.

आपल्याकडे बहुतेक मालक लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे अनुज्ञप्ती करार, देऊ करतील. त्यात फक्त वापराची परवानगी मिळते, मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. मालकाला म्हणूनच तो आवडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांचा कागद घेऊन छपरावर लाखो रुपये घालू नयेत. किमान तीन ते पाच वर्षांची मुदत, त्यातील पहिला मोठा काळ दोन्ही पक्षांना बंधनकारक, निदान सहा महिन्यांची पूर्वसूचना आणि गटाने केलेल्या पायाभूत दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याची तरतूद, एवढे मागावे. सांगाड्याची दुरुस्ती मालकाकडे आणि दैनंदिन देखभाल गटाकडे, अशी विभागणी शब्दांत लिहावी. नगरपालिकेच्या इमारतीसाठी अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर एक खिळाही ठोकू नये. ठराव, आदेश आणि ताबा पावती हातात येईपर्यंत थांबावे.

पहिले दोन महिने

उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी भिंती रंगवल्या जातात आणि पहिल्याच पावसात त्यांना पोपडे येतात. कामाचा क्रम छप्पर, पाण्याचा निचरा, वीज, स्वच्छतागृह, जमीन आणि शेवटी भिंती असा ठेवावा.

साफसफाई सुरू करताना कबुतरांची आणि वटवाघळांची वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने कधीही झाडू नये, कारण तिच्या धुळीतून फुप्फुसांचे आजार होतात. आधी पाणी शिंपडावे, घट्ट बसणारा मुखपट्टा आणि हातमोजे घालावेत आणि ओला कचरा पिशव्यांत भरावा. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता मोठी असते. ते फोडू, घासू किंवा कापू नयेत. शाबूत असतील तर रंगाचा थर देऊन तसेच ठेवावेत आणि काढायचेच असतील तर जाणकाराकडून, ओले करून, अख्खे उतरवावेत. जुनी वायरिंग दुरुस्त करण्याचा मोह टाळून मीटरपासून नवी ओढावी. प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा खटका), मुख्य ठिकाणी आरसीसीबी (वीज गळून झटका बसू लागल्यास ती तोडणारा खटका) आणि तपासलेले अर्थिंग असावे. वेल्डिंग आणि मातीच्या वस्तू भाजण्याची भट्टी यांच्यासाठी स्वतंत्र लाइन असावी. स्वच्छतागृहात दिवा, आतून लागणारी कडी आणि पाणी नसेल, तर त्या जागेत स्त्रिया दुसऱ्यांदा येणार नाहीत. हा खर्च पहिल्या यादीतच धरावा.

चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आत कोंडते, आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून दगडांमधल्या सांध्यांची दरजही ढिली झालेली दिसते. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधायला वेळ लागला तरी तो शोधावा, आणि गटातल्या दोघांनी त्याच्या हाताखाली काम शिकून घ्यावे.

आग

२ डिसेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेतील ओकलँड शहरात कलाकारांनी राहण्या-कामासाठी वापरलेल्या एका गोदामात संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. आत लाकूड, कापड, जुने सामान आणि वाद्ये खच्चून भरलेली होती, पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते आणि वरच्या मजल्यावरून उतरण्याचा एक जिना लाकडी फळकुटांचा होता. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी गच्चीवरील उपाहारगृहांत लागलेल्या आगीत १४ जण गेले. कलाघर चालवणाऱ्या प्रत्येकाने या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. गरिबीत उभारलेली, प्रेमाने सजवलेली जागाच सर्वांत वेगाने पेटते.

बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग नसलेल्या मजल्यावर प्रेक्षक नेऊ नयेत. या नियमाला अपवाद नाही. कार्यक्रमाच्या वेळी दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि बिनकुलपाची असावीत, जिन्यात एक खुर्चीही ठेवू नये, वीज गेल्यावर आपोआप लागणारे दिवे वाटेवर असावेत आणि दाराशी बसलेल्या व्यक्तीने माणसे मोजून ठरलेल्या संख्येला प्रवेश थांबवावा. टर्पेंटाइन, थिनर आणि रंगाचे बोळे झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावेत. जवसाच्या तेलात भिजलेला बोळा चुरगळून टाकला तर तो आपोआपही पेटतो. स्वयंपाकाचा गॅस तालमीच्या खोलीपासून दूर असावा. कामाच्या जागेत कोणी झोपायला राहू नये. परगावच्या तरुण कलाकाराला हे सांगताना जड जाते, पण त्याच्यासाठी वेगळी खोली भाड्याने घेणे हा योग्य मार्ग आहे. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच बाजूला काढावेत.

परवानग्यांचे उरलेले काम थोडक्यात असे: नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, सार्वजनिक कार्यक्रमासाठी पोलिसांकडे वेळेत अर्ज करावा लागतो आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही.

कारभार आणि पैसा

इटलीतील नेपल्स शहराच्या जुन्या भागातील एका मठाची इमारत २ मार्च २०१२ रोजी कला आणि प्रयोगक्षेत्रातील कामगारांनी ताब्यात घेतली. ‘आसिलो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागेत त्यांनी उघड्या सभांतून स्वतःचे नियम लिहिले, आणि २०१५ मध्ये नगरपालिकेने ते नियम मान्य करून ही इमारत लोकांच्या सामाईक वापराची म्हणून स्वीकारली. ती कोणा एका संस्थेला दिली नाही, हे त्यातले वेगळेपण. खोली कोणाच्या नावावर नसते. काम घेऊन सभेत यायचे, वेळ मागायची, काम झाल्यावर जागा मोकळी करायची.

आपल्या गटाने निदान एवढे लिहून ठेवावे: सभा आठवड्याच्या कोणत्या दिवशी, मत कोणाला, खोली किती महिन्यांसाठी, आणि वाद झाला तर कोणाकडे जायचे. कायमच्या खोल्या वाटल्या की पाच वर्षांत घर म्हातारे होते. सगळ्याच तात्पुरत्या ठेवल्या तर राखायला कोणी उरत नाही. रिव्होलीत काही कलाकार कायमचे आणि काही ठरावीक मुदतीचे असतात, हा मेळ मला योग्य वाटतो. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी गटाबाहेरील एका जाणत्या स्त्रीचा समावेश असलेली समिती पहिल्या दिवशीच नेमावी, कारण तक्रार आल्यावर नेमलेल्या समितीवर कोणाचाच विश्वास बसत नाही.

पैशांचे गणित उघडे असावे. समजा, जागा ३०० चौरस मीटर आहे, त्यात १५ चौरस मीटरच्या १२ खोल्या आणि १२० चौरस मीटरचे दालन आहे, आणि वीज, पाणी, रखवालदार, सफाई, विमा व दुरुस्ती निधी धरून महिन्याचा खर्च ४८,००० रुपये येतो. प्रत्येक खोलीमागे ३,००० रुपये घेतल्यास ३६,००० जमतात. उरलेले १२,००० दालनातील कार्यशाळा आणि प्रयोगांतून यायला हवेत. दोन खोल्या रिकाम्या राहिल्या तर काय, याचा हिशेब करार करण्यापूर्वीच मांडावा. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याच्या पाच तारखेला दाराशेजारच्या फळ्यावर लावावा. अनुदान मिळाल्यास ते यंत्रे आणि दुरुस्तीसाठी वापरावे. महिन्याचे वीजबिल अनुदानावर अवलंबून राहिले की घर दुसऱ्याच्या मर्जीवर जाते.

शेजार

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटके केली आणि ‘छबिलदास’ हे एका चळवळीचे नाव झाले. ती इमारत ओसाड नव्हती, दिवसा तिथे वर्ग भरत. पण जागा आपल्या मालकीची नसताना, शाळेच्या वेळा सांभाळून, थोड्या प्रेक्षकांसमोर वर्षानुवर्षे काम कसे करायचे याचा धडा मराठी माणसाला तिथेच मिळालेला आहे, आणि त्यातला मुख्य भाग शेजारधर्माचा आहे. पहिल्या कार्यक्रमापूर्वी आजूबाजूच्या प्रत्येक घरी जाऊन एक फोन क्रमांक द्यावा आणि आवाजाची तक्रार आल्यास तो उचलला जाईल अशी व्यवस्था करावी. आठवड्यातून एक संध्याकाळ दालन वस्तीसाठी मोकळे ठेवावे: अभ्यासिका, भजनी मंडळ, बचत गटाची बैठक, मुलांचा चित्रकलेचा वर्ग. संकट आल्यावर महापालिकेच्या दारात हेच लोक उभे राहतात.

मालकीचा प्रश्न आणि निघण्याची तयारी

जागा गाजली की भोवतालच्या जमिनीचा भाव वाढतो आणि मालकाला ती परत हवी होते. यावर खरा उपाय सामूहिक मालकीचा आहे. न्यूयॉर्कमधील ‘एबीसी नो रिओ’ हे कलाकेंद्र उभारणाऱ्या कलाकारांना १९८० मध्ये एका रिकाम्या इमारतीतून दुसऱ्याच दिवशी बाहेर काढण्यात आले, मग महापालिकेने रिव्हिंग्टन रस्त्यावरची जागा दिली आणि दीर्घ झगड्यानंतर २००६ मध्ये ती एका डॉलरला विकली. जर्मनीत मीट्सहॉयझर सिंडिकाट या संघाने वेगळी युक्ती काढली. घर एका कंपनीच्या नावावर, कंपनीचे दोन भागीदार, एक राहणाऱ्यांची संस्था आणि दुसरा हा संघ. विक्रीला दोघांची संमती लागते आणि संघ ती देत नाही. आपल्याकडे विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विकत घेण्याची वेळ आली तर हे बंधन अडचण न मानता ढाल मानावी.

तोवर मात्र करार संपण्याच्या दिवसाची तयारी करार सुरू होण्याच्या दिवशी करावी. ताबा घेताना प्रत्येक खोलीची चारही भिंतींसह तारखेची छायाचित्रे काढावीत, मीटरचे आकडे लिहावेत आणि मालकाच्या सहीने यादी करावी. नंतर बसवलेला प्रत्येक पंखा, दिवा, पंप आणि दरवाजा त्याच यादीत बिलासह चढवत जावा, आणि कोणती वस्तू काढून नेता येईल व कोणती इमारतीतच राहील हे त्याच ओळीत लिहावे. यादीची एक प्रत मालकाकडे, एक वकिलाकडे आणि एक रखवालदाराच्या खोलीतल्या कपाटात असावी.